फ्रँक वॉकर कॉल्डवेल

फ्रँक वॉकर कॉल्डवेल (१८८९ – १९७४) हे विमानांच्या प्रोपेलरवर संशोधन करणारे अमेरिकी अभियंते होते. उड्डाण चालू असताना पात्यांचा कोन बदलता येईल असा, तेलाच्या दाबावर चालणारा प्रोपेलर त्यांनी व्यवहारात आणला. पुढील स्थिरगती प्रोपेलर याच रचनेतून विकसित झाला.

शिक्षण व लष्करी संशोधन

कॉल्डवेल यांचा जन्म टेनेसी राज्यात झाला. १९१२ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पदवी घेतली. १९१७ पासून ते ओहायोतील डेटन येथील मकुक फील्ड या लष्करी केंद्रात प्रोपेलर विभागाचे काम पाहत होते. तेथे प्रोपेलर नेहमीपेक्षा अधिक वेगाने फिरवून त्यांची मजबुती तपासली जाई. इलायशा फेल्स यांच्यासह त्यांनी अतिवेगवान वातबोगदा उभारून पात्यांच्या छेदांचा अभ्यास केला.

कोन बदलणारा प्रोपेलर

पात्यांचा कोन कायम असलेला प्रोपेलर उड्डाण आणि प्रवास या दोन्ही अवस्थांत सारखा उपयोगी ठरत नाही. कोन लहान ठेवल्यास उड्डाण सुकर होते, पण प्रवासात इंजिनाचे फेरे अकारण वाढतात. कोन मोठा ठेवल्यास उड्डाणाच्या वेळी इंजिनाची पूर्ण शक्ती मिळत नाही.

१९२९ मध्ये कॉल्डवेल लष्करी सेवा सोडून प्रोपेलर उद्योगात आले व हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीत काम करू लागले. त्यांच्या रचनेत इंजिनातील तेल पोकळ दंडातून प्रोपेलरच्या नाभीपर्यंत नेले जाई. तेलाच्या दाबाने पाती लहान कोनात येत. दाब काढताच फिरणाऱ्या वजनांच्या केंद्रोत्सारी प्रेरणेने ती मोठ्या कोनात जात. म्हणून असा प्रोपेलर बसवण्यापूर्वी इंजिनाचा दंड, तेलमार्ग आणि झडप त्यासाठी सिद्ध करणे आवश्यक ठरले.

१९३३ मध्ये बोईंग २४७ हे प्रवासी विमान सेवेत आले. डेन्व्हर व शायेन यांसारख्या उंचावरील विमानतळांवर, विरळ हवेमुळे, कायम कोनाच्या प्रोपेलरने त्याचे उड्डाण अवघड होते. कॉल्डवेल यांच्या प्रोपेलरमुळे उड्डाणासाठी लागणारे धावेचे अंतर सुमारे २० टक्क्यांनी घटले आणि चढाईचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. या कामासाठी हॅमिल्टन स्टँडर्डला १९३३ सालचा कॉलियर चषक देण्यात आला व त्याचे विशेष श्रेय कॉल्डवेल यांना देण्यात आले.

स्थिरगती प्रोपेलर

आरंभीच्या रचनेत वैमानिकाला दोनच कोन उपलब्ध होते. १९३५ च्या सुमारास तिला वुडवर्ड कंपनीच्या गव्हर्नरची जोड मिळाली. इंजिनाच्या दंतचक्रावर चालणारा गव्हर्नर फेऱ्यांतील फरक ओळखून तेलाचा प्रवाह आपोआप कमी-अधिक करी. त्यामुळे वैमानिकाने ठरवलेले फेरे कायम राहत. मात्र इंजिनावर गव्हर्नरसाठी बैठक, त्याला गती देणारी चक्रे व तेलाची वाट यांची सोय असावी लागे.

१९३८ मधील हायड्रोमॅटिक प्रोपेलरमध्ये वजने वगळण्यात आली. बंद पडलेल्या इंजिनाची पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर करून त्यांचे फिरणे थांबवणे आता शक्य झाले.

प्रभाव

ब्रिटनमध्ये डी हॅविलँड कंपनी हॅमिल्टनच्या परवान्याखाली प्रोपेलर बनवत असे. १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनवरील हवाई युद्ध सुरू असताना, या कंपनीने एक हजाराहून अधिक स्पिटफायर व हरिकेन विमाने स्थिरगती प्रोपेलरसाठी बदलून दिली. प्रत्येक इंजिनावर गव्हर्नर आणि तेलनळी बसवावी लागली. त्यामुळे विमानांची चढाई जलद झाली व अधिक उंची गाठता आली.