कॅमेरा घडवणारा मिस्त्री



माझे वडील सुतारकाम करतात. कुणी विचारलं की हे सांगायला मला आधी लाज वाटायची. पण बाबूराव पेंटर यांची माहिती वाचली अन् माझी लाज पळाली. तीच माहिती मी आज सांगणार आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे आडनाव मिस्त्री. वडील कृष्णराव हुन्नरी कारागीर होते. बाबूराव आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून या दोघांनी ठरवलं, आपणही सिनेमा काढायचा. पण कॅमेरा कुठून आणायचा? तो विलायतेत मिळायचा. मग त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी हात आखडला नाही. दामले त्यांच्या मदतीला होते. लेथवर एकेक भाग घडवून १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला!

तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्या काळी सिनेमात बायकांची कामे पुरुष करीत. बाबूरावांनी ती बायकांनाच दिली. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली.

१९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी ती गोष्ट. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. देवादिकांच्या सिनेमांसारखी गर्दी त्याला झाली नाही. पण आपल्या मुळशीत त्याच सुमारास धरणाखाली जमिनी गेल्या होत्या, सत्याग्रह झाला होता. आपल्या आजोबा-पणजोबांना ही गोष्ट नक्कीच पटली असती.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 'प्रभात' ही वेगळी कंपनी काढली. बाबूराव मागे राहिले. तरी १९३६ साली त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.

मित्रांनो, आज पालकसभेला माझे बाबा येतील. त्यांना मी हे वाचून दाखवणार आहे. अन् आता कुणीही विचारा, माझे वडील मिस्त्री आहेत हे मी मोठ्यानं सांगेन.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, पिरंगुट