मजपहितची भिक्षुणी राजमाता

जावा बेटावरील मजपहित साम्राज्याचा विषय निघाला की हयाम वुरुक हा राजा आणि गजमद हा महामंत्री यांचीच नावे पुढे येतात. परंतु या वैभवाच्या आधी, राजघराण्याचा धागा तुटण्याची वेळ आली असता तो जिने सांभाळला, ती राजपत्नी गायत्री मात्र मागेच राहते. राजकन्या, राणी, भिक्षुणी आणि मृत्यूनंतर देवी, असा तिचा जीवनप्रवास आहे. तो पाहिला म्हणजे त्या राज्यात शैव आणि बौद्ध हे दोन धर्म शेजारी-शेजारी कसे नांदत होते, याचीही कल्पना येते.

गायत्री ही सिंहसारीचा शेवटचा राजा कृतनगर याची कन्या. कृतनगर शिव आणि बुद्ध या दोघांचाही उपासक होता. पूर्व जावातील जावी येथे त्याचे स्मारक-मंदिर आहे. त्याचा खालचा भाग शैव पद्धतीचा, तर शिखर स्तूपाच्या आकाराचे आहे. इ. स. १२९२ मध्ये जयकत्वंग या मांडलिकाने बंड करून कृतनगराला ठार मारले. पुढच्याच वर्षी कुब्लाईखानाचे मोंगल सैन्य जावावर उतरले. कृतनगराचा जावई विजय याने मोठ्या चातुर्याने या सैन्याच्या मदतीने जयकत्वंगाचा पाडाव केला आणि नंतर मोंगलांनाही पिटाळून लावले. १२९३ मध्ये मजपहितचे राज्य उभे राहिले ते असे. विजयाने कृतराजस हे नाव धारण केले. कृतनगराच्या चार मुली त्याच्या राण्या होत्या. त्यांतील गायत्रीला राजपत्नी हा किताब मिळाला.

१३०९ मध्ये कृतराजस वारला. त्याच्या स्मरणार्थ राजवाड्याच्या अंतःपुरात बुद्धरूपातील, तर सिंपिंग येथे शिवरूपातील मूर्ती स्थापन झाली. एकाच माणसाची ही दोन स्मारके, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही!

त्याच्यानंतर सवतीचा मुलगा जयनगर गादीवर आला. १३२८ मध्ये राजवैद्यानेच त्याचा खून केला. जयनगराला मूलबाळ नव्हते. आता गादीवर खरा हक्क होता तो कृतनगराच्या या कन्येचा. पण गायत्री मुंडण करून बौद्ध भिक्षुणी झाली होती, योग आणि ध्यान यांत रमली होती. तिने स्वतः सिंहासन घेतले नाही, पण राज्य वाऱ्यावरही सोडले नाही. तिच्या आज्ञेने तिची मुलगी त्रिभुवना राज्य करू लागली. याच काळात गजमद महामंत्री झाला. १३५० मध्ये गायत्री निवर्तली. तेव्हा त्रिभुवनानेही गादी सोडली आणि तिचा मुलगा हयाम वुरुक राजा झाला. मुलीने आईच्या वतीने राज्य केले होते. आई गेल्यावर ते काम संपले, असाच याचा अर्थ दिसतो.

बारा वर्षांनी, १३६२ मध्ये, हयाम वुरुकाने आजीचे श्राद्ध केले. श्राद्ध हाच शब्द तेथेही होता, आणि महिनाही भाद्रपदाचाच! आपल्याकडे पितृपक्ष वद्य पक्षात येतो. तेथे विधी शुक्ल पक्षात झाला. बौद्ध पुरोहितांनी मंत्र म्हणून तिच्या आत्म्याला आवाहन केले. फुलांची प्रतिमा करून ती सिंहासनावर ठेवली. जिने जिवंतपणी सिंहासन घेतले नाही, तिला ते असे मिळाले. राजा, राजघराण्यातील स्त्री-पुरुष, मंत्री आणि प्रजाजन यांनी सात दिवस पूजा, दानधर्म व अन्नदान केले. हा सारा सोहळा प्रपंच या बौद्ध कवीने १३६५ मध्ये पूर्ण केलेल्या नागरकृतागम काव्यात आला आहे. बुद्धभक्त असूनही त्याने ग्रंथारंभी वंदन केले आहे ते शिवबुद्धाला.

मात्र दोन्ही धर्म विरघळून एक झाले होते, असे समजणे बरोबर नाही. शैवांसाठी एक आणि बौद्धांसाठी एक असे दोन स्वतंत्र धर्माध्यक्ष राज्यात होते. देवस्थानांच्या जमिनींच्या याद्याही निराळ्या होत्या. बौद्ध पुरोहितांनी पश्चिम भागात जाऊ नये, असा निर्बंधही होता. म्हणजे भेद होते, पण एका भिक्षुणीला राजमाता मानताना, किंवा तिच्या पतीला शिवरूपात पुजताना, ते आड आले नाहीत. याच काळात तंतुलर कवीने सुतसोम काव्यात शिव आणि बुद्ध यांचे तत्त्व मूळचे एकच असल्याचे सांगितले. आजच्या इंडोनेशियाचे राष्ट्रीय बोधवाक्य त्याच काव्यातून आले आहे.

प्रज्ञापारमिता या देवीच्या रूपात गायत्रीची मूर्ती घडवून भयालंगो येथे तिची स्थापना झाली. प्रज्ञापारमिता म्हणजे ज्ञानाची परिपूर्णता. राजमातेचे स्मारक युद्धदेवतेचे नव्हे, विद्येच्या देवतेचे व्हावे, ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आज बोयोलांगू नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गावी भग्न मंदिराच्या चौथऱ्यावर ही मूर्ती अजून बसलेली आहे. तिचे मस्तक नाहीसे झाले आहे, पण कमळावरचे तिचे आसन ढळलेले नाही.