लोकमातेची कारभारनीती

जामखेड तालुक्यातील चौंडी गावी, पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी, ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांनी बांधलेल्या देवालयांविषयी व घाटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हाताखालच्या माणसांकडून त्यांनी काम कसे करून घेतले, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामी आले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त केले आणि दौलतीचे काम तिच्या अंगावर टाकले. स्वतः मोहिमेवर असता ते पत्रे धाडीत. १७६५ सालच्या पत्रांत तोफखाना व दारूगोळा यांच्या व्यवस्थेच्याही सूचना आहेत. उपदेशापेक्षा जबाबदारी देऊन माणूस घडविण्याची ही रीत होती.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले. पुढील वर्षी पुत्र मालेरावही गेला. दत्तकाच्या निमित्ताने कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांच्या साह्याने केला. बाईंनी तो धैर्याने मोडला. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे देऊन मुलकी कारभार त्यांनी महेश्वरी स्वतः पाहिला.

त्या रोज दरबारी बसून रयतेची गाऱ्हाणी जातीने ऐकत. त्यामुळे अंमलदाराचे वर्तन परस्पर कळे. खासगीचा व दौलतीचा पैसा वेगळा ठेवीत. धनिणीचा हिशेब चोख, तेथे कारकुनास लबाडी अवघड. चांगल्या माणसास मात्र त्या हलवीत नसत. इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते, असे माल्कमसाहेबाने माळव्यात चौकशी करून नमूद केले आहे. वाटमारी करणाऱ्या भिल्लांस त्यांनी प्रथम जरब दाखविली. मग भिलकवडीचा पूर्वापार हक्क मान्य करून वाटेच्या रक्षणाचा भार त्यांच्यावरच घातला.

शिस्तीत आपपरभाव नव्हता. इंदूरच्या एका निपुत्रिक सावकाराच्या धनावर तुकोजींची दृष्टी गेली, तेव्हा बाईंनी त्याच्या विधवेस अभय दिले व तुकोजींस तळ हलविण्याची आज्ञा केली. तरीही मोहिमेच्या खर्चावरून उभयतांत अखेरपर्यंत कुरबुर राहिली, हेही सांगितले पाहिजे. थोरांनाही सर्व माणसे साधत नाहीत.

आम्ही शाळामास्तरकीत उमेदीची वर्षे छडीवरच विसंबून काढली. वर्ग गप्प बसे, पण मुले शिकत नसत. पुढे वर्गातील सर्वांत खोडकर मुलाकडे खडू-फळ्याची व्यवस्था सोपविली, तेव्हा त्या भिलकवडीचे मर्म आम्हांस उमगले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई निवर्तल्या. २०२४ साली आपल्या जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या हाताखाली आज चार माणसे आहेत, त्यांनी गाऱ्हाणे ऐकावे, हिशेब स्वच्छ ठेवावा आणि विश्वास टाकावा. नावाचे चीज होईल.