शब्दांच्या रांगा लावणारे गुरुजी : नोआ वेबस्टर



एकदा पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर पाच शब्द लिहिले. लाइट, नाइट, राइट, फाइट आणि साइट. पाचही शब्द पाच अक्षरांचे. पहिलं अक्षर सोडलं तर पुढची चार सगळीकडे तीच : आय-जी-एच-टी. मुलांचं एक स्पेलिंग पाठ झालं आणि उरलेली चार आपोआप आली. त्याआधी कित्येक वर्षं मी हेच शब्द वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी दहा-दहा वेळा लिहून घेत होतो. आज त्याची खंत वाटते.

अशा रांगा लावून शिकवण्याचं काम ज्या माणसाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केलं, त्याचं नाव तुम्ही डिक्शनरीवर वाचलेलं असेल. पण तो मुळात आपल्यासारखाच शाळामास्तर होता, हे फार जणांना माहीत नसतं.

बालपण आणि शिक्षण

नोआ वेबस्टर यांचा जन्म 16 ऑक्टोबर 1758 रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डच्या पश्चिम भागात झाला. वडील शेतकरी. मुलाला पुस्तकांचा नाद आहे हे ओळखून त्यांनी शेत गहाण टाकलं आणि 1774 मध्ये त्याला येल कॉलेजात घातलं. गहाण शेताचं ओझं काय असतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. त्यातच इंग्लंडविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. 1778 मध्ये नोआ पदवी घेऊन घरी आले, तेव्हा वडिलांकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी आठ डॉलरची एक नोट हातात ठेवली आणि यापुढे तुझं तू बघ, असं सांगितलं. युद्धामुळे त्या नोटेची किंमतही पार घसरलेली होती.

पोटासाठी मास्तरकी

वकिलीचा अभ्यास चालू ठेवून त्यांनी शाळेत नोकरी धरली. तेव्हाच्या शाळा कशा होत्या? एकच खोली, त्यात लहानमोठी साठ-सत्तर मुलं, बाकं अपुरी, आणि पुस्तकं इंग्लंडहून आलेली. बहुवर्गशाळा सांभाळणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल!

शब्दांचे तक्ते त्या जुन्या पुस्तकांतही होते. पण शब्द तोडायची रीत विचित्र होती. 'क्लस्टर' हा शब्द 'क्लु' आणि 'स्टर' असा तोडलेला. शेवटी टी-आय-ओ-एन आलं, की त्याचे दोन तुकडे. बोलताना मात्र आपण 'शन' असा एकच तुकडा बोलतो. मूल तोंडाने एक बोलायचं आणि पुस्तक दुसरंच सांगायचं. वेबस्टर यांनी ठरवलं की शब्द कानाला ऐकू येतो तसाच तोडायचा.

निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक

1783 मध्ये, पंचविशीच्या आतच, त्यांनी आपलं स्पेलिंगचं पुस्तक छापलं. पुढे ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक म्हणून घराघरांत गेलं. त्याची मांडणी नीट बघा. आधी अक्षरं. मग 'बा, बे, बी' अशा जोड्या, आपल्या बाराखडीसारख्याच. मग तीन अक्षरी शब्दांच्या रांगा : डेन, हेन, मेन, पेन, टेन. शेवटची दोन अक्षरं तीच, फक्त पहिलं बदललेलं. त्यानंतर लांब शब्द, मग दोन सिलेबलचे, मग तीन. म्हणजे मुलाला प्रत्येक पायरीवर एकच नवी गोष्ट. मागचं सगळं ओळखीचं.

त्या काळी लेखकाच्या हक्काचा देशभर लागू असा कायदा नव्हता. कोणीही उचलावं आणि छापावं. वेबस्टर राज्याराज्यांत फिरून असा कायदा व्हावा म्हणून खटपट करत राहिले. 1790 मध्ये देशाचा कायदा झाला. पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या, पण प्रतीमागे त्यांच्या हाती फार थोडं पडलं.

या पुस्तकाचा एक विद्यार्थी सांगण्यासारखा आहे. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीत जन्मलेला मुलगा. त्याने शिकणं मालकाला मंजूर नव्हतं. त्याने याच पुस्तकातली तिरकी अक्षरं गिरवून गिरवून लिहिणं साधलं. पुढे तो गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता आणि लेखक झाला.

शब्दकोश आणि हट्ट

1806 मध्ये वेबस्टर यांचा छोटा शब्दकोश आला. मग मोठ्या कोशाचं काम सुरू झालं, ते वीसेक वर्षं चाललं. शब्दांची मुळं शोधण्यासाठी ते अनेक भाषा शिकले. त्यांनी सांगितलेली बरीच मुळं पुढे चुकीची ठरली, हेही प्रांजळपणे सांगायला हवं. 1828 मध्ये कोश निघाला : दोन खंड, सत्तर हजार शब्द, किंमत वीस डॉलर. तेव्हा ते सत्तरीला आले होते. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी राहतं घर गहाण टाकलं. बापाने शेत टाकलं होतं, तसंच. 28 मे 1843 रोजी त्यांचं निधन झालं. पुढे मेरियम बंधूंनी कोशाचे हक्क घेतले.

स्पेलिंग सोपं करायचा त्यांचा हट्ट अर्धाच यशस्वी झाला. 'कलर'मधला यू त्यांनी काढला, 'म्युझिक'च्या शेवटचा के गाळला, 'सेंटर'चं आर-ई उलटं करून ई-आर केलं. लोकांनी ते घेतलं. पण 'टंग' टी-यू-एन-जी असं लिहा, म्हटल्यावर कोणी ऐकलं नाही. 'नाइट'मधले मुके जी-एच तर तसेच राहिले.

आता आपल्या वर्गात

आपल्या पाठ्यपुस्तकात 'कलर'ला यू असतो आणि मोबाइलवर बरेचदा नसतो. मूल गोंधळून विचारतं, सर, बरोबर कोणतं? त्याला चूक म्हणू नका. दोन्ही का आहेत, ही गोष्ट सांगा आणि परीक्षेत पुस्तकातलं लिहायला सांगा.

पालकांना एक विनंती. आज घरी मुलाला एकच शब्द द्या, समजा 'बॉल'. शेवटची तीन अक्षरं तशीच ठेवून आणखी किती शब्द होतात, ते त्यालाच शोधू द्या. कॉल, फॉल, हॉल, टॉल, वॉल... वहीत रांग तयार होईल. आणि मग एखादा 'शॅल' मध्येच वेगळ्या उच्चाराचा निघेल. तोही बाजूला लिहून ठेवायला सांगा. दहा वेळा लिहून हात दुखवण्यापेक्षा हे पोराला नक्कीच आवडेल.