नेम एका क्षणाचा, ओझं दिवसभराचं

पाठीवर दहा-बारा किलोची सॅक घेऊन तुम्ही भर पावसात ट्रेक केला असेल, तर शेवटच्या तासाला खांद्यांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. आता त्या सॅकच्या जागी ओल्या मांसाचा अख्खा फरा आहे असं समजा. पायवाट नाही, पायाखाली दलदल, अंधार पडत आलाय आणि मुक्कामावरची माणसं तुमच्या भरवशावर बसलीयत. जॉर्ज ड्रूयार आणि त्याच्या साथीदारांनी अख्खा हिवाळा असा काढला.

अमेरिकेत लुईस आणि क्लार्क ही नावं शाळकरी मुलांनाही पाठ असतात. १८०४ ते १८०६ या काळात मिझुरी नदीवरून निघून पॅसिफिक महासागर गाठणारी आणि परत येणारी ही मोहीम. नाव झालं दोन कॅप्टनांचं. पण सगळ्यांची पोटं भरण्यात सर्वात मोठा वाटा होता ड्रूयारचा.

त्याचा जन्म १७७३ च्या सुमारास, डेट्रॉईटच्या परिसरात. वडील फ्रेंच-कॅनेडियन, आई शॉनी जमातीची. हातांच्या खुणांनी बोलायची आदिवासींची भाषा त्याला येत होती, म्हणून १८०३ मध्ये त्याला दुभाषा म्हणून घेतलं. पगार महिना २५ डॉलर. साध्या शिपायाला तेव्हा ५ मिळायचे! गंमत म्हणजे लुईसला त्याचं नाव कधी नीट लिहिताच आलं नाही. कानाला ऐकू आलं तसं तो लिहीत राहिला.

गवताळ प्रदेशात शिकार मुबलक होती. तिथे या तुकडीला एका दिवसाला एक गवा किंवा चार हरणं लागायची. खरी परीक्षा झाली डिसेंबर १८०५ मध्ये, आजच्या ओरेगॉनमधल्या फोर्ट क्लॅट्सॉप इथे. लाकडी किल्ला, ३३ माणसं (त्यातलं एक तान्हं बाळ) आणि न थांबणारा पाऊस. जवळपास साडेतीन महिन्यांत पाऊस नसलेले दिवस फक्त १२!

इथली मुख्य शिकार म्हणजे एल्क. आपल्या सांबराहून थोराड हरीण, नराचं वजन ३०० किलोच्या पुढे. गोळी लागली की काम संपलं असं वाटतं ना? काम तिथूनच सुरू होतं. लगेच कातडं सोलायचं, आतडी काढायची, नाहीतर अंगातल्या उष्णतेनेच मांस नासतं. मग तुकडे करायचे आणि पाठीवर मारून चालायला लागायचं. एका माणसाला एक जनावर एका खेपेत नेता येतच नाही. म्हणून शिकारी परत येऊन जागा सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी माणसं पाठवली जायची. १५ डिसेंबरला क्लार्क १६ जण आणि ३ होड्या घेऊन असंच मांस आणायला गेला. अंधारात पाच जण वाट चुकले आणि त्यांनी ती रात्र पावसात, शेकोटीशिवाय काढली. एवढं करून आणलेलं मांसही दमट हवेत खराब व्हायचं.

१२ जानेवारी १८०६ ला ड्रूयारने एकाच दिवसात सात एल्क मारले. हा माणूस नसता तर आपण जगलो कसे असतो, अशा अर्थाचं लुईसने त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी लुईस स्वतः, मोकळा असेल तो प्रत्येक माणूस घेऊन निघाला आणि दुपारी एकपर्यंत सगळं मांस किल्ल्यात आलं. तोवर मांस चार मेसमध्ये वाटलं जायचं आणि पोरं ते दोन दिवसांत फस्त करायची. (हॉस्टेलवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही!) या वेळी मात्र वाटप बंद झालं. आपल्याकडे काही घरांत चान्या करून ठेवायचे, तसं मांस सुकवून थोडं थोडं द्यायचं ठरलं.

२० मार्चपर्यंत सगळ्या शिकाऱ्यांनी मिळून १३१ एल्क मारले होते. त्यातला जो घास पोटात गेला, तो आधी कुणाच्या तरी पाठीवरून आला होता.

पण ड्रूयारला फक्त हीरो करू नका. १८०७ मध्ये तो मॅन्युएल लिसा या व्यापाऱ्याच्या तुकडीबरोबर पुन्हा मिझुरीवर गेला. एक माणूस पळाला. त्याला जिवंत किंवा मेलेला आणा, असा लिसाचा हुकूम होता. ड्रूयारने गोळी घातली, माणूस दगावला. १८०८ मध्ये सेंट लुईसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कोर्टाने सोडलं, पण त्याचं मन सुटलं नाही. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं, की आपण त्या क्षणी विचारच केला नाही.

मे १८१० मध्ये, आजच्या मोंटानातल्या थ्री फोर्क्सजवळ तो बीव्हरसाठी सापळे लावायला तळापासून लांब गेला. धोका आहे हे सगळ्यांनी सांगितलं होतं. ब्लॅकफीट योद्ध्यांनी त्याला गाठलं. वय असेल ३७ च्या आसपास.

ट्रिगर दाबायला एक क्षण पुरतो. एल्कचं ओझं त्याने वाटून घेतलं, चार खेपा करून का होईना किल्ल्यात पोचवलं. त्या दुसऱ्या गोळीचं ओझं उचलायला मात्र दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. पुढच्या ट्रेकला सॅक जड वाटली की हा माणूस आठवा. आणि ग्रुपमध्ये जो गुपचूप दुसऱ्याचीही सॅक उचलतो, त्याचं नाव निदान नीट लिहा.