भाषांचे उपासक लाँगफेलो

अमेरिकेतील पोर्टलंड या बंदराच्या गावी १८०७ मध्ये हेन्री लाँगफेलो यांचा जन्म झाला. मुलाने आपल्याप्रमाणे वकिली करावी, अशी वडिलांची इच्छा होती; हेन्रींचा ओढा मात्र वाङ्मयाकडे होता. १८२५ मध्ये ते बोडन महाविद्यालयाचे पदवीधर झाले. त्याच वेळी तेथे आधुनिक भाषांच्या प्राध्यापकाची जागा निघाली व ती त्यांना देऊ करण्यात आली. अट एकच होती : त्यांनी आधी युरोपात जाऊन त्या भाषा आत्मसात कराव्यात. १८२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते शिडाच्या जहाजाने फ्रान्सला निघाले.

प्राकृतातून जशी मराठी उदयास आली, तशा लॅटिनमधून फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन या भाषा जन्मल्या. लाँगफेलो शाळेत लॅटिन शिकले होते. त्यामुळे अनेक शब्द त्यांना ओळखीचे वाटत. तरीही वाट सोपी नव्हती. त्यांची मातृभाषा इंग्रजी. तीत मेज, खिडकी अशा वस्तूंच्या नावांना लिंग नसते. या भाषांत ते प्रत्येक नामाला असते आणि क्रियापदही पुरुष व वचन यांप्रमाणे रूप पालटते. केवळ पुस्तके वाचून या गोष्टी जिभेवर रुळत नाहीत. म्हणून माद्रिद व रोम येथे ते स्थानिक कुटुंबांत राहिले आणि लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले.

१८२९ मध्ये ते मायदेशी परतले. विद्यार्थ्यांसाठी योग्य पुस्तके नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच ती सिद्ध केली. पुढे १८३६ पासून १८५४ पर्यंत त्यांनी हार्वर्ड येथे अध्यापन केले. कवी म्हणूनही त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

१८६१ मध्ये त्यांच्यावर घोर आपत्ती कोसळली. वस्त्रांना आग लागून त्यांच्या पत्नीचा अंत झाला. ज्वाला विझविताना ते स्वतःही भाजले. त्या दुःखात स्वतःचे काव्य लिहिणे त्यांना जड जाऊ लागले. तेव्हा इटालियन महाकवी दान्ते याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे पूर्वी हाती घेतलेले भाषांतर त्यांनी पुन्हा सुरू केले. दर बुधवारी सायंकाळी विद्वान मित्र त्यांच्या घरी जमत आणि एकेका शब्दाची चिकित्सा करीत. १८६७ मध्ये ते भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध झाले.

१८८२ मध्ये लाँगफेलो निवर्तले. तरुणपणी नोकरीसाठी शिकलेली परकी भाषा उतारवयात त्यांच्या शोकाचा आधार झाली. मनापासून संपादन केलेली विद्या अशी पडत्या काळी सोबत करते.