विश्लेषण : विचार थांबले म्हणजे ध्यान लागले का? झोप आणि मृत्यूबद्दल रमण महर्षी काय सांगत?

झोप लागावी म्हणून रात्री फोनवर ध्यानाचे ॲप लावणारे आज घरोघरी आहेत. डोक्यातले विचार थांबले की ध्यान झाले, असा सर्वसाधारण समज असतो. पण विचार तर गाढ झोपेतही थांबतात. मग ध्यानाने वेगळे काय साधते? तमिळनाडूतील रमण महर्षींचे (१८७९-१९५०) सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले. त्याची सुरुवात मात्र ध्यानाने झाली नाही. ती मृत्यूच्या भीतीने झाली.

रमण महर्षी कोण होते?

त्यांचे मूळ नाव वेंकटरमण. जन्म ३० डिसेंबर १८७९ चा, मदुराईजवळच्या तिरुचुळी गावातला. वडील सुंदरम अय्यर तिथल्या कोर्टात वकिली करत. आई अळगम्माळ. १८९२ मध्ये वडील वारले तेव्हा वेंकटरमण बारा वर्षांचा होता. घर विस्कटले आणि मोठ्या भावासह तो मदुराईला काकांकडे राहायला गेला. तिथे मिशनच्या शाळेत शिकत होता. अभ्यासात बेताचा, खेळात पुढे.

या मुलाची एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती. त्याची झोप विलक्षण गाढ होती. जागेपणी त्याच्या वाटेला न जाणारी मुले तो झोपला की त्याला उचलून नेत, हवे तसे बदडत आणि परत आणून अंथरुणावर टाकत. सकाळी त्याला काहीच आठवत नसे. पुढे महर्षी म्हणून प्रसिद्ध झाल्यावरही ते हे किस्से हसत सांगत.

जुलै १८९६ मध्ये नेमके काय घडले?

मीनाक्षी मंदिरापासून जवळच असलेल्या काकांच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत वेंकटरमण एकटा बसला होता. वय सोळा. अंगात ताप नव्हता, कोणता आजार नव्हता. अचानक आपण आता मरणार, अशी भीती त्याच्या मनात दाटून आली.

असा मुलगा आईला, काकांना हाक मारतो किंवा डॉक्टरकडे धावतो. त्याने तसे काही केले नाही. मरण येतेच आहे तर मरते काय, ते पाहून घेऊ, असे त्याने ठरवले. जमिनीवर आडवा झाला. हातपाय ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला. आता हे शरीर मेले, ते स्मशानात नेऊन जाळतील, त्याची राख होईल, इथपर्यंत त्याने कल्पना ताणली. मग स्वतःलाच विचारले, की शरीराबरोबर मी मेलो का? शरीर निश्चल पडले होते, तोंडून शब्द नव्हता, पण ‘मी आहे’ ही जाणीव जराही मंदावली नव्हती. सगळा प्रकार अर्ध्या तासाच्या आत आटोपला. मृत्यूची भीती त्यानंतर परत कधी आली नाही, असे ते सांगत.

हा प्रसंग जगापुढे आला तो त्यांच्याच सांगण्यातून. बी. व्ही. नरसिंह स्वामी यांनी १९३१ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामुळे तो सर्वदूर पोहोचला. त्या खोलीत दुसरे कोणी नव्हते. त्याच्या वागण्यातला बदल मात्र घरच्यांनी पाहिला होता. जेवणाच्या तक्रारी बंद झाल्या, खेळ सुटला, पुस्तकात लक्ष लागेना. संध्याकाळी तो एकटाच मंदिरात जाऊन उभा राहू लागला.

घर का सोडले?

२९ ऑगस्ट १८९६. व्याकरणाचा धडा न केल्याबद्दल तो तीनदा उतरवून काढण्याची शिक्षा शाळेत मिळाली होती. लिहिता लिहिता त्याने वही बाजूला सारली आणि डोळे मिटून बसला. असेच बसायचे तर घरात राहून अभ्यासाचे ढोंग कशाला, असा टोमणा मोठ्या भावाने मारला. मुलाला तो पटला.

भावाच्या कॉलेजची फी भरायला दिलेल्या पाच रुपयांतले तीन त्याने घेतले, दोन चिठ्ठीसोबत ठेवले आणि तो स्टेशनवर गेला. जायचे होते अरुणाचलाला, म्हणजे तिरुवन्नामलैला. वाटेत पैसे संपले तेव्हा कानातली कुडी गहाण ठेवून चार रुपये उभे केले. १ सप्टेंबरला तो तिरुवन्नामलैला पोहोचला. त्यानंतरची जवळजवळ ५४ वर्षे त्याने ते गाव सोडले नाही.

सुरुवातीचे दिवस खडतर होते. अरुणाचलेश्वराच्या मंदिरातल्या पाताळलिंगाच्या अंधाऱ्या भुयारात तो इतका मग्न बसे, की किडामुंगी मांड्या कुरतडत असतानाही त्याला भान नसे. शेषाद्री स्वामी नावाच्या साधूने त्याची काळजी घेतली. अखेर लोकांनी त्याला उचलून बाहेर आणले. हा तप म्हणून केलेला छळ होता का? शरीराला पीडा देणे ही साधना आहे, असे महर्षींनी पुढे कोणालाही शिकवले नाही. उलट जेवण, झोप, काम सगळे बेताने असावे, असे ते सांगत. संसार सोडून येऊ का, असे विचारणाऱ्यांना ते बहुधा घरीच राहायला सांगत.

झोपेबद्दल त्यांचे म्हणणे काय होते?

इथे त्यांच्या विचाराचा गाभा आहे. माणूस जागा असतो, स्वप्न पाहतो आणि गाढ झोपतो. गाढ झोपेत जग नसते, नाव-गाव नसते, कर्ज नसते, आजार नसतो, ‘मी अमुक’ हा विचारही नसतो. तरी उठल्यावर माणूस सुखाने झोपलो असे म्हणतो. झोपेत आपण नव्हतोच, असे कोणी म्हणत नाही. याचा अर्थ ‘मी अमुक’ हा विचार नसतानाही आपण असतो. मग ज्याला आपण रोज ‘मी’ म्हणतो, तो सकाळी उठणारा आणि रात्री मावळणारा एक विचारच आहे का, असा त्यांचा प्रश्न असे.

यावर आक्षेप जुनाच आहे. झोपेत कसलीही जाणीव नसते, उठल्यावर ताजेतवाने वाटते म्हणून झोप चांगली झाली असावी असा आपण फक्त अंदाज करतो, असे न्यायदर्शनाचे पंडित म्हणत. ती आठवण आहे, आणि आठवण असेल तर अनुभवही असलाच पाहिजे, असे वेदान्ती म्हणत. महर्षींची बाजू वेदान्ताची. पण वाद घालण्यात त्यांना रस नव्हता. विचारणाऱ्याने आत्ता, जागेपणी, स्वतःच तपासून पाहावे, असे ते सांगत.

विचार थांबणे आणि जागे असणे, यात फरक काय?

झोप इतकी निर्मळ असेल, तर झोपूनच मुक्ती मिळायला हवी. तशी ती मिळत नाही. झोपेत मन फक्त दबते. जाग आली की ते जिथे होते तिथून पुन्हा सुरू होते. ध्यानात येणारी सुन्न, बधिर शांतताही अशीच असू शकते. मनाच्या या दबण्याला ते मनोलय म्हणत. त्यांच्या मते खरे काम मनोनाशाचे, म्हणजे ‘मी’ या विचाराचे मूळ शोधून तो कायमचा विरण्याचे.

हे समजावताना ते एका योग्याची गोष्ट सांगत. गंगेकाठी बसलेल्या योग्याला तहान लागली. त्याने शिष्याला पाणी आणायला पाठवले आणि तेवढ्यात त्याची समाधी लागली. शेकडो वर्षे लोटली, शिष्य गेला, राज्ये बदलली. योगी समाधीतून उठला आणि त्याने पहिली गोष्ट मागितली ती पाणी. इतकी वर्षे विचार थांबले, पण एक साधी इच्छाही जागची हलली नाही.

म्हणून ध्यान करताना गुंगी आली किंवा सगळे कोरे वाटू लागले, तर तिथे न रमता सावध व्हावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यांना हवी असलेली स्थिती ते ‘जाग्रत-सुषुप्ती’ या नावाने सांगत. म्हणजे झोपेइतकी शांत, पण पूर्ण जागी.

मग पद्धत कोणती?

१९०२ च्या सुमारास शिवप्रकाशम पिल्लै यांनी त्यांना काही प्रश्न विचारले. महर्षी तेव्हा बोलत नसत, त्यांनी उत्तरे लिहून दिली. त्यातूनच पुढे ‘नान यार’ म्हणजे ‘मी कोण’ ही छोटी पुस्तिका तयार झाली. पद्धत सांगायला सोपी आहे. विचार आला की त्याच्या मागे धावायचे नाही, त्याला हाकलायचेही नाही. हा विचार कोणाला आला, असे विचारायचे. मला, असे उत्तर येते. मग हा मी कोण, असे पाहत लक्ष त्या ‘मी’वर आणायचे. हा मंत्र म्हणून घोकायचा नसतो. श्वास रोखल्यानेही मन शांत होते, पण श्वास मोकळा होताच ते पुन्हा भटकते. त्यामुळे प्राणायाम ही मदत आहे, मुक्काम नव्हे, असे ते म्हणत.

१९०७ मध्ये संस्कृतचे विद्वान गणपती मुनी यांनी त्यांना ‘भगवान श्री रमण महर्षी’ हे नाव दिले. १९३४ मध्ये पॉल ब्रंटन यांच्या पुस्तकाने ते पाश्चात्त्य वाचकांना कळले. आश्रमात मात्र ते पहाटे उठून स्वयंपाकघरात भाजी चिरत बसत.

महाराष्ट्राशी एक धागाही आहे. आश्रमात राहिलेले पोलिश इंजिनीअर मॉरिस फ्रीडमन पुढे औंध संस्थानात गेले आणि तिथल्या ग्रामराज्याच्या प्रयोगात सहभागी झाले. उतारवयात मुंबईत त्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणली.

आईच्या मृत्यूच्या वेळी काय झाले?

१८९८ मध्ये आई त्यांना शोधत आली होती. घरी चल म्हणून दिवसेंदिवस रडली. मुलाने मौन सोडले नाही. व्हायचे ते टळत नाही, अशा आशयाचे चार शब्द त्यांनी कागदावर लिहून दिले. आई रिकाम्या हाताने परतली. पण १९१६ मध्ये ती कायमची त्यांच्याजवळ राहायला आली.

१९ मे १९२२ रोजी आईची अखेरची घटका आली, तेव्हा मुलगा दिवसभर तिच्याजवळ बसून होता. एक हात तिच्या छातीवर, एक डोक्यावर. रात्री ती गेली. ते उठले आणि सर्वांसह जेवायला बसले. सुतक कसले, असा त्यांचा भाव होता. आईच्या समाधीभोवतीच आजचा रमणाश्रम उभा राहिला.

आणि स्वतःच्या?

१९४८ च्या अखेरीस डाव्या कोपराजवळ एक गाठ दिसली. ती सार्कोमा म्हणजे कर्करोगाची निघाली. १९४९ मध्ये चार शस्त्रक्रिया झाल्या, गाठ पुन्हा पुन्हा येत राहिली. हात कापण्याचा सल्ला त्यांनी नाकारला. वेदना होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. पण त्या शरीराच्या आहेत, असे ते सांगत. अशक्त झाल्यावरही दर्शनाला आलेल्यांना अडवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. सोडून जाऊ नका म्हणणाऱ्या भक्तांना, आपण जाणार तरी कुठे, असे ते विचारत.

१४ एप्रिल १९५० च्या रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी त्यांचा श्वास थांबला. बाहेर भक्त अरुणाचलाचे स्तोत्र म्हणत होते. त्याच सुमारास आकाशात एक तेजस्वी उल्का सरकताना दिसल्याचे अनेकांनी सांगितले. त्यात तिथे आलेले फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँही होते.

मदुराईच्या माडीवर सोळा वर्षांच्या मुलाने श्वास रोखून मरणाची तालीम केली होती. ७० व्या वर्षी त्याच माणसासमोर खरे मरण दीड वर्ष येऊन बसले होते. तेव्हा सापडलेले उत्तर त्यांना आता बदलावे लागले नाही.